काजळलेल्या तुळईखाली

आयविंद राजाचा धाकटा मुलगा होता. उत्तरेकडच्या त्या खाडीत धाकट्या मुलाला जे मिळे तेच त्यालाही मिळालं: एक कुऱ्हाड, बापाचा जुना लोकरी अंगरखा आणि समोर पसरलेलं पाणी. शेत, गोठा, राजघर आणि राजघरातली उंच बैठक, हे सगळं थोरल्या आसमुंदचं. त्यात कुणाला अन्याय वाटत नसे. जमिनीचे तुकडे केले तर कुणाचंच पोट भरत नाही, आणि समुद्राचे तुकडे करताच येत नाहीत. म्हणून थोरल्याला जमीन, धाकट्याला समुद्र.

मिसरूड फुटायच्या आत तो गलबतावर चढला. किनारा दिसेनासा झाला तेव्हा त्याने गलबताच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि समुद्रावर लढणारे सगळे जी घेत तीच शपथ घेतली: काजळलेल्या तुळईखाली मी झोपणार नाही. म्हणजे ज्या घरात चूल पेटते, जिथलं छप्पर धुराने काळं झालं आहे, तिथे पाठ टेकायची नाही. जेवायला जावं, भांडायला जावं, लग्नात नाचायलाही जावं, पण झोप घ्यायची ती आभाळाखाली, नाहीतर शिडाखाली. घराची ऊब एकदा अंगात मुरली की माणूस वल्ह्यावर परत येत नाही, असं जुने लोक सांगत. आणि शपथ मोडणाऱ्याच्या शेजारी वल्ह्यावर कुणी बसत नसे. त्याच्या शिडाला वारा मिळत नाही म्हणत. ते खरं की खोटं हे बघायला मुद्दाम त्याच्याबरोबर जाणार तरी कोण?

पुढे आयविंदने पुष्कळ लढाया केल्या. नदीकाठची शहरं पाहिली, काही लुटली, काहींच्या राखणीला राहिला. गालावर एक वण आला, दाढीत पहिले पांढरे केस आले. पण कुणी विचारलं तर त्याला लढाया नीट आठवत नसत. आठवे ती झोप. कातडी थैलीत शिरून, पाठीखाली गलबताच्या फळ्या आणि फळ्यांखाली काळं, श्वास घेणारं पाणी. डोळे मिटले की समुद्र त्याला स्वप्नं आणून देई, लाटांनी शिंपले आणून टाकावेत तशी. पांढऱ्या भिंतींची गावं, पिवळ्या फळांची झाडं, पाण्याखाली चरणारे घोडे. सकाळी तो ती सांगू लागला की वल्ही मारणारे हात हळू होत आणि तांडेल हालकेल ओरडे, "पुरे झालं! याचे घोडे चरतायत आणि आपण इथेच गरगरतोय!"

हालकेल त्याचा दोस्त. रुंद, बुटका, एका कानाचा. दुसरा कान कुठल्या लढाईत गेला हे तो दर वेळी वेगळं सांगे.

मग एका वसंतात निरोप आला. आसमुंद छातीच्या दुखण्याने गेला. मागे बायको ओड्नी, दोन लहान मुली. खाडीच्या लोकांना राजा हवा होता.

राजा गेल्यावर जे जेवण होतं तिथे वारसाने उंच बैठकीवर बसायचं नसतं. तो बैठकीखालच्या पायरीवर बसतो, लहान मुलासारखा, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. आयविंद तसा बसला. मग मधाच्या दारूचा चषक आला. तो उभा राहिला, चषक उचलून म्हणाला, "माझ्या जिवात जीव आहे तोवर परक्याचं गलबत या वाळूला लागणार नाही." चषक रिकामा केला. लोकांनी ओटे बडवले, आणि दोन म्हाताऱ्यांनी त्याला हाताला धरून भावाच्या जागी बसवलं. सगळं रीतीप्रमाणे झालं.

जेवण आटोपलं. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर अजून दुधासारखा उजेड होता. ओड्नीने आसमुंदच्या पलंगावर नवी मेंढीची कातडी अंथरली होती. आयविंदने दाराशी ठेवलेली आपली झोपायची थैली काखेत मारली आणि तो निघाला.

"भाऊजी, कुठे?"

"किनाऱ्यावरच्या नावघरात, वहिनी. तिथे चूल नाही. गलबतावर शिडाखाली झोपतो."

"आजची रात्र?"

"रोजच." आणि त्याने तिला शपथ सांगितली.

 ओड्नीच्या कमरेला राजघराच्या किल्ल्या होत्या. काही बोलायचं नसलं की ती त्या मुठीत धरे. आताही धरल्या, मग म्हणाली, "म्हणजे राजा गोठ्यातल्या बैलापेक्षा लांब झोपणार. बैल निदान हंबरला तर ऐकू तरी येतो."

नावघरात हालकेल आणि बाकीचे जमलेच होते. "आला!" हालकेल म्हणाला. "मी पैज लावली होती, हा मऊ कातडी बघून विरघळेल म्हणून. हरलो. चला, आता हा माझा कान घ्या."

दिवस चांगले गेले. आयविंद राखण जाणत होता. खाडीच्या तोंडाशी त्याने पहारे बसवले, उंच टेकडीवर लाकडांचा ढीग रचून ठेवला, शत्रू दिसला तर पेटवायला. त्या उन्हाळ्यात दोन परकी गलबतं आली आणि आग पाहूनच परत फिरली. जव पिकला. लोक खूश होते. मग हिवाळ्याचा उंबरठा आला.

त्या खाडीची एक रीत होती. गवत कापून गंजी रचल्या, पहिलं बर्फ डोंगराच्या टोपीवर दिसलं, की प्रत्येक घरातलं मोठं माणूस राजघरात येई. सगळे एकाच छपराखाली झोपत, ओट्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे, आणि मधोमध चुलीशेजारी राजा. त्या रात्री राजाला पडणारं स्वप्न त्याचं एकट्याचं नसतं, खाडीचं असतं, असं मानत. सकाळी उंबऱ्यावर उभं राहून तो ते सांगे, आणि त्यावरून ठरे की हिवाळ्यात किती गुरं ठेवायची आणि किती कापायची. ही निवड जीवघेणी असते. कमी ठेवली तर वसंतात दूध नाही, वासरू नाही. जास्त ठेवली तर गवत अर्ध्यात संपतं आणि सगळीच मरतात. असा निर्णय एकट्याने घ्यायला कुणी धजत नाही. म्हणून तो राजाच्या स्वप्नावर सोपवलेला.

आयविंद त्या रात्रीही नावघरातच झोपला. सकाळी येऊन उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्याने स्वप्न सांगितलं. फार सुंदर होतं. निळ्या पाण्याच्या तळाशी एक गाव, गावातल्या बायका केस विंचरतायत, आणि त्यांच्या केसांतून मासे पक्ष्यांसारखे उडतायत.

लोक ऐकत राहिले. संपल्यावरही कुणी हललं नाही. शेवटी थोरगिल पुढे आला. वरच्या अंगाचा शेतकरी, पाठीत वाकलेला, जिभेने सरळ.

"राजे, स्वप्न छान आहे. पण माझ्या गाईंचं काय? कापू की ठेवू?"

"ते... त्यात गाई नव्हत्या."

"तेच म्हणतोय मी. केस विंचरणाऱ्या बायका होत्या. एक तर माझ्या घरातच आहे, तीही विंचरत नाही."

हसू उठलं, पण लवकर विझलं. प्रत्येक जण आपापल्या घरी गेला आणि प्रत्येकाने आपापलं ठरवलं. माणूस एकटा ठरवतो तेव्हा आशेच्या बाजूने ठरवतो. सगळ्यांनीच जास्त गुरं ठेवली.

हिवाळा लांबला. गवत संपलं तेव्हा गुरांना वाळलेलं समुद्री शेवाळ घातलं, मग माशांची उकडलेली डोकी, मग झाडांच्या साली. बर्फ वितळलं तेव्हा जी गुरं जिवंत होती ती स्वतःच्या पायांवर गोठ्याबाहेर येऊ शकत नव्हती. अशा वेळी शेजारी एकमेकांच्या घरी जातात आणि गुरं उचलून बाहेर आणतात. दोघे पुढून, दोघे मागून, एक जण शेपटीला धरून. आयविंदही गेला. राजा असला म्हणून काय, हात तर होते.

सालवोर आजीच्या गोठ्यात एकच गाय उरली होती, हुप्पा नावाची. आयविंदने तिच्या छातीखाली हात घातले. एवढं मोठं जनावर, पण ओल्या लोकरीच्या गाठोड्यासारखं हलकं लागलं. उन्हात आणून ठेवली. कोवळं गवत तिच्या तोंडाशी होतं. तिने ते हुंगलं, खाल्लं नाही, आणि मान त्याच्या मांडीवर ठेवून दिली. तिच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं. मग आभाळ तसंच राहिलं आणि डोळा गेला.

सालवोर आजी रडली नाही. ती नुसती हुप्पाच्या कानामागे खाजवत राहिली. "इथे आवडायचं हिला," ती म्हणाली. "तू नको वाईट वाटून घेऊ, बाळा. तू उचललंस ना, खूप झालं."

आयविंदने आयुष्यात बरेच डोळे मिटताना पाहिले होते. पण तेव्हा दर वेळी हातात काहीतरी धरलेलं असे. या वेळी हात रिकामे होते.

वसंताच्या सभेत थोरगिल उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. "राजे, तुम्ही समुद्र राखलात, त्याबद्दल बोलायचं नाही. पण आम्ही वर्षातले चार दिवस समुद्राकडे बघतो आणि बाकीचे गोठ्याकडे. येत्या हिवाळ्याच्या उंबरठ्यावर राजा आमच्यात झोपला तर ठीक. नाहीतर आम्ही डोंगरापलीकडच्या राजाला सांगावा धाडू. तो अर्धं धान्य नेईल, ठाऊक आहे. पण तो घरात झोपतो."

कुणी त्याला अडवलं नाही. ओड्नीनेही नाही.

खाडीचे पहारे कायम ठेवून तो उन्हाळा आयविंदने समुद्रावर काढला. शेवटचा म्हणून नव्हे, त्याचं काहीच ठरलं नव्हतं. ते पश्चिमेच्या बेटांपर्यंत गेले, आणि समुद्राने त्याच्यावर इतकी माया कधीच केली नव्हती. रोज स्वप्न. एकदा त्याने पाहिलं की गलबत आभाळातून चाललंय आणि खाली ढगांच्या शेतात कुणीतरी चांदण्या पेरतंय. जागा झाला तेव्हा त्याची दाढी ओली होती. खाऱ्या पाण्यानेच, पण कुठल्या ते त्याला सांगता आलं नसतं. इथेच राहिलो तर? त्याने स्वतःला विचारलं. नाळ फिरवायची, एवढंच. राज्य दुसऱ्याचं, गुरं दुसऱ्याची, आणि ही स्वप्नं माझी. अडवायला कोण येणार होतं?

पण शिडाखाली पडल्या पडल्या त्याच्या मांडीला एक वजन जाणवे. फारसं नाही, ओल्या लोकरीच्या गाठोड्याएवढंच.

परतल्यावर त्याने हालकेलला किनाऱ्यावर गाठलं. हालकेल शिडाची दोरी चरबीने चोळत होता.

"यंदा मी आत झोपणार आहे," आयविंद म्हणाला.

हालकेलचा हात थांबला नाही. "कुठे आत?"

"राजघरात. तुळईखाली."

आता थांबला. "थट्टा चांगली आहे. पण माझ्या कानाची जास्त चांगली आहे."

"थट्टा नाही."

 मग हालकेल म्हणाला, "मी तुझ्याशी भांडणार नाही. तू माझा जीव वाचवलायस, मी तुझा. कितीदा ते तुलाही आठवत नाही. पण आयविंद, एकदा तू तिथे झोपलास की मी तुझ्या शेजारी वल्ह्यावर बसणार नाही. रागाने नव्हे रे. भीतीने. मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून गलबत तूच घे."

"हे?"

"दुसरं कुठलं आहे माझ्याकडे?"

हालकेलने दोरी खाली ठेवली. नाक पुसलं, त्यामुळे चरबी मिशीला लागली. "मूर्ख आहेस," तो म्हणाला. "गाईंसाठी! पूर्वी निदान सोन्यासाठी तरी मूर्खपणा करायचास." मग त्याने आयविंदला असं घट्ट कवटाळलं की दोघांचेही पट्टे एकमेकांत अडकले आणि सोडवताना दोघे शिव्या देत राहिले. वारा चांगला होता. संध्याकाळच्या आत गलबत निघालं. आयविंद ते दिसेनासं होईपर्यंत थांबला नाही. वर, थोरगिलच्या शेतावर गवताची गंजी रचायची होती.

हिवाळ्याचा उंबरठा आला. राजघर माणसांनी भरलं. आयविंद दाराशी वाकला आणि आत शिरला. ओल्या लोकरीचा, धुराचा, उकडलेल्या मटणाचा वास. ओड्नीने चुलीशेजारी कातडी अंथरली होती.

"भाऊजी, घोरत असाल तर आधीच सांगा. मुलींच्या कानात लोकर घालते."

"समुद्रावर कुणी तक्रार केली नाही, वहिनी."

"समुद्र तुमच्यापेक्षा मोठ्याने घोरतो, म्हणून."

तो आडवा झाला. वर तुळई होती. आजाच्या, पणज्याच्या चुलींनी काळी केलेली, चकचकीत, जणू एखाद्या बुडालेल्या गलबताचा कणाच.  शपथ मोडते तेव्हा आवाज होतो का, तो कानोसा घेत राहिला. काही झालं नाही. चुलीतलं एक लाकूड खचलं, ठिणग्या वर गेल्या, विझल्या. त्याने डोळे मिटले आणि वाट पाहिली.

झोप आली नाही.

कूस बदलली, तरी नाही. पाठीखालची जमीन हलत नव्हती, हेच त्याला सहन होईना. ज्याच्यासाठी समुद्र सोडला, ते स्वप्नच येत नव्हतं! बाकी सगळे गाढ झोपले होते, आणि झोपेत, हळूहळू, बोलू लागले होते. एवढी माणसं दाटीवाटीने झोपली की त्यांची झोपही एकमेकांत मिसळते. एक कुणीतरी पुटपुटे, दुसरा भलतीकडून उत्तर देई. "...कुजलंय, खालचं सगळं कुजलंय..." हा थोरगिल. "...नको, हिला नको, हिच्या पोटात वासरू आहे..." "...सांगू नका शेजाऱ्यांना..." कोपऱ्यातून सालवोर आजी स्पष्ट म्हणाली, "हुप्पा, ये," आणि पुन्हा शांत झाली. मग तिघेचौघे एकदम गवताबद्दल बोलले, गवत, गवत, जणू वारा एका शेतातून दुसऱ्यात जातोय. आयविंद उताणा पडून ऐकत राहिला. आवाज त्याच्या अंगावरून लाटांसारखे जात होते. तो जागा होता, पण जागेपणाचा काठ त्याला नीट सापडत नव्हता.

सकाळी तो उंबऱ्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे तांबारले होते. बाहेर अंगणात सगळे जमले होते. त्यांच्या तोंडांतून वाफ निघत होती आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर होती.

एक सुंदर स्वप्न रचणं त्याला अवघड नव्हतं. आभाळातून चाललेलं गलबत, त्यात चार गाई बसवल्या की झालं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला स्वप्न पडलं नाही," तो म्हणाला. "मी झोपलोच नाही."

कुजबुज उठली. थोरगिलने मान खाली घातली.

"पण तुम्ही झोपला होतात. आणि झोपेत बोलत होतात." आयविंदने एकेकाकडे पाहिलं. "थोरगिल, तुझ्या गंजीचं खालचं गवत कुजलंय. मी स्वतः ती रचायला होतो, तरी तू मला सांगितलं नाहीस. दिवसा कुणालाच सांगितलं नाहीस."

"मी?" थोरगिल दचकला. "मी झोपेत बोलतो?"

"रोज," त्याची बायको म्हणाली. "आणि जागेपणीपेक्षा शहाण्यासारखं."

या वेळचं हसू विझलं नाही. ते अंगणभर फिरलं आणि फिरता फिरता ओलं झालं. कारण आयविंद पुढे बोलतच होता. बाकीच्यांची नावं घेतली नाहीत, फक्त जे ऐकलं ते. कुणाचं गवत कमी आहे, कुणी शेजाऱ्याला दिसू नये म्हणून अर्धीच गंजी वरून झाकली आहे, कुणी गाभण गाय लपवली आहे. ज्याचं त्याला कळत होतं. कुणाच्या तरी खांद्यावर कुणाचा तरी हात पडला.

"सगळ्यांचं गवत थोडं आहे," आयविंद म्हणाला. "एकेकट्याला वाटतंय, आपलंच. तर ऐका. निम्मी गुरं कापा. सुरुवात राजघराच्या गोठ्यापासून. गाभण गाई राहतील, कुणाच्याही असल्या तरी. गवत एका ठिकाणी आणा आणि वाटून घ्या. ज्याला हे पटत नसेल त्याने आत्ता जागेपणी बोलावं."

थोरगिल पुढे आला, राजासमोर उभा राहिला आणि त्याने आपल्या वाकलेल्या पाठीला जमेल तेवढी मान उंच केली. "सुरीला धार लावून आणतो, राजे," तो म्हणाला. आणि लोक कामाला लागले.

आयविंद आत वळला. घर रिकामं होतं, कातडी विस्कटलेली होती, माणसांची ऊब अजून ओट्यांवर होती. जरा टेकू, म्हणून तो चुलीशेजारी बसला. ओड्नी पाणी घेऊन आली तेव्हा तो बसल्या जागीच कलंडला होता, तोंड उघडं, एक हात जमिनीवर पसरलेला.

मुली धावत आत आल्या. ओड्नीने ओठांवर बोट ठेवलं.

"काका काय बघतोय?" धाकटीने कुजबुजत विचारलं. खरंच, मिटलेल्या पापण्यांखाली त्याचे डोळे हळूहळू फिरत होते, लांबवर चाललेलं काहीतरी पाहत असल्यासारखे.

"आता त्याचं त्याला बघू दे," ओड्नी म्हणाली, आणि किल्ल्या वाजू नयेत म्हणून तिने त्या मुठीत धरल्या.